फील्डवर जाताना बॅगेत काय घ्यायचं? अक्कलकोट रोड एमआयडीसीत हरवलेली एक मुलाखत

संशोधनाची तयारी करणारी मुलं-मुली भेटली की एक प्रश्न हमखास येतो. तो सिद्धांताबद्दल नसतो, गाइड कसा निवडावा याबद्दलही नसतो. "फील्डवर जाताना रेकॉर्डर कोणता घेऊ? की मोबाइलवर भागेल?" असा असतो.

आधी मी झटकन सांगून टाकायचे, मोबाइलवर भागतं, उगाच खर्च करू नका. आता तसं सांगत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत मी एका जुन्या जॉबरची मुलाखत घेतली. एक तास चाळीस मिनिटांची. मुक्कामी परत येऊन हेडफोन लावले, तर त्यात माणूसच नव्हता. नुसते माग खटखटत होते.

आजचा लेख त्या मुलाखतीबद्दल आहे, पण तेवढाच नाही. आपल्या आधी या मुलखात फिरून संशोधन करणाऱ्यांनी सोबत काय नेलं, त्यामुळे त्यांना काय सापडलं आणि काय निसटलं, हेही त्यात येईल. प्रवासात सोबत नेलेलं साधन पुरावा गोळा करतं, एवढंच आपण धरून चालतो. पण कोणता पुरावा टिकेल आणि कोणता वाहून जाईल, हेही तेच ठरवत असतं. हे मला पुस्तकात वाचून कळलं नव्हतं, मार खाऊन कळलं.

त्या दुपारी काय झालं

आधी थोडी पार्श्वभूमी. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदास यांनी उभी केली. ती पुढे 'जुनी मिल' म्हणून ओळखली गेली आणि १९६४ मध्ये बंद पडली. तेलंगणातून पिढ्यान्‌पिढ्या इथे येत राहिलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग चालवले, नंतर यंत्रमाग. आज सोलापूरचं नाव निघतं ते चादर आणि टेरी टॉवेलसाठी. दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. गिरण्या गेल्या, माग राहिले. पण मागाचं तंत्र बदलत गेलं तसं कामगाराच्या हातातलं कसब कसं बदललं, हा माझा पीएचडीचा विषय.

सोलापुरात 'एमआयडीसी' म्हणून रिक्षात बसलात तर आधी कोणती ते सांगा. पुणे रस्त्यावरची चिंचोळी वेगळी आणि अक्कलकोट रोडची वेगळी. मी मोबाइलच्या नकाशावर विसंबून पहिल्याच दिवशी तासभर घालवला. एमआयडीसीतले पत्ते प्लॉट नंबरावर चालतात आणि माणसं मात्र कारखान्याच्या जुन्या मालकाच्या नावानं रस्ता सांगतात. नकाशात ती नावं नव्हती. शेवटी चहावाल्याला विचारून पोचले.

जॉबर म्हणजे माग लावणारा, बिघडला तर दुरुस्त करणारा, शेडमधला जाणता माणूस. हे काका सत्तरीच्या पुढचे. घरची भाषा तेलुगू, कामाची मराठी, अधूनमधून कन्नड आणि दखनी. आता काम करत नाहीत, पण दुपारी शेडमध्ये येऊन बसतात. "घरी करमत नाही गं पोरी, आवाज नसला की झोप येते," म्हणाले. आम्ही शेडच्या दाराशी बाकावर बसलो. मी मोबाइल मध्ये ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं. ते माझ्या कानाशी वाकून मोठ्यानं बोलत होते आणि मला सगळं नीट कळत होतं. म्हणून मी निर्धास्त.

चूक इथेच झाली. आपला कान आणि मेंदू मिळून गोंगाटातून एक आवाज निवडून काढतात. समोरच्याचे ओठ दिसतात, शब्द अंदाजानं भरले जातात. माइकला यातलं काही येत नाही. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज ९० ते १०० डेसिबलच्या घरात जातो. त्यात मोबाइलचं रेकॉर्डिंग स्वतःहून आवाजाची पातळी खालीवर करतं. माग मोठा म्हणून त्यानं पातळी खाली ओढली आणि काका त्याखाली गाडले गेले.

रात्री ते ऐकताना पोटात खड्डा पडला. वाचलं काय होतं, तर डायरीतल्या तीन ओळी. बसमध्ये घाईघाईत खरडलेल्या. 'जॅकार्डची कार्डं अंधारात बोटांनी ओळखायचे. लोड शेडिंग. उस्तादनं कांडीनं बोटांवर मारलं, दोनदा सांगितलं, हसत नव्हते.'

आपल्या आधीच्यांच्या सामानात काय होतं

पुढचे काही दिवस मी स्वतःला दोष देत बसले. मग गाइड म्हणाल्या, "रडत बसण्यापेक्षा जरा बघ, तुझ्या आधीच्यांनी काय काय हरवलंय." तिथून हा शोध सुरू झाला.

प्रवासात नेलेल्या सगळ्यात अवजड यंत्रांपैकी एक याच देशात फिरलं. विल्यम लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासजवळ जमीन मोजायला सुरुवात केली. तीच पुढे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण म्हणून ओळखली गेली. त्याचा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता. लंडनहून येताना तो वाटेत फ्रेंचांच्या हाती लागला आणि मग परत मिळाला. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि वाकलं. लॅम्बटननं स्वतःला कोंडून घेऊन काही आठवड्यांत ते ठोकून-ठाकून पुन्हा सरळ केलं. मोजणी उत्तरेकडे सरकत राहिली. २० जानेवारी १८२३ रोजी नागपूरच्या वाटेवर, आपल्या हिंगणघाटला, त्याचा मृत्यू झाला.

त्या यंत्राला दोन टेकड्यांमधला कोन फार अचूक दिसायचा. टेकड्यांच्या मध्ये राहणारी माणसं दिसायची नाहीत. यंत्र वाहून नेणारे, टेकडीवर रात्रभर मशाली घेऊन उभे राहणारे, तापानं आजारी पडणारे शेकडो लोक नकाशात कुठेच नाहीत. माझ्या मोबाइलच्या नकाशात प्लॉट सापडला आणि जुन्या मालकाचं नाव सापडलं नाही, तेही याच वंशातलं. मोजणारं साधन मोजता येण्याजोगंच टिपतं.

आता दुसरं टोक. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. सोबत यंत्र नाही, रोजनिशीही नाही. पंचवीसेक वर्षांनी चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी आठवणीतून 'माझा प्रवास' लिहिला. वैद्यांनी १९०७ मध्ये तो फेरफार करून छापला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पुस्तक यायला १९६६ उजाडलं. ते दत्तो वामन पोतदारांनी संपादित केलं. मधली जवळजवळ साठ वर्षं वाचकांच्या हातात संपादित प्रत होती.

ही गोष्ट मी आता प्रत्येक ज्युनिअरला सांगते. रेकॉर्डिंग आणल्यावर आपण काय करतो? खोकला कापतो, शांतता कापतो, आवाज 'स्वच्छ' करतो आणि जागा वाचवायला मूळ फाइल उडवून टाकतो. गोडश्यांचं मूळ हस्तलिखित टिकलं म्हणून १९६६ शक्य झालं. मूळ फाइल कधीही उडवू नका. संपादन करायचं तर प्रतीवर करा.

वि. का. राजवाडे गावोगाव फिरून कागद शोधायचे. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावानं त्याचे बावीस खंड निघाले. त्यांचं साधन म्हणजे पाय, लेखणी आणि मोडी वाचणारे डोळे. मोडीतलं पत्र बालबोधीत उतरलं की मजकूर वाचतो. कागदाची घडी, शाई, हाताचं वळण, एखादी खाडाखोड मात्र छापील पानात येत नाही. आज आपण पाच सेकंदांत त्या पानाचा फोटो काढतो, तेव्हा राजवाड्यांना जे नेता आलं नाही ते आपण नेतो. पण त्यांना प्रत्येक ओळ वाचूनच उतरवावी लागायची. आपण चारशे फोटो काढतो आणि त्यातले वाचतो किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. माझ्या फोनमध्ये दोन वर्षांपूर्वीचे न उघडलेले फोटो अजून आहेत.

इरावती कर्व्यांचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण त्यांनी एकाच आयुष्यात दोन अगदी वेगळी साधनं वापरली. १९२७ ते १९३० या काळात बर्लिनमध्ये त्यांनी कवट्यांची मापं घेतली. ज्यांच्या हाताखाली त्या काम करत होत्या ते ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाची मांडणी करणारे. कर्व्यांच्या आकड्यांतून मात्र ते श्रेष्ठत्व काही निघेना आणि त्यांनी तसं मांडलं. म्हणजे हत्यार दुसऱ्याच्या हेतूनं घडवलेलं असलं तरी प्रामाणिक माणूस त्यानं वेगळं उत्तर काढू शकतो. पण मापकानं डोकंच मोजता येतं, डोक्यात काय चाललंय ते नाही. पुढे त्याच कर्वे पंढरीच्या वारीत चालत गेल्या. त्यावरच्या लेखात जे आहे, एकाच दिंडीत चालून जेवायला वेगवेगळं बसणाऱ्या जाती, बायकांच्या गप्पा, स्वतःची अस्वस्थता, ते कुठल्याही मापकात मावणारं नव्हतं. त्यासाठी पाय दुखेपर्यंत सोबत चालावं लागतं.

आणि सोलापूरचंच उदाहरण. १९४७ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनं आर. जी. काकडे यांचं सोलापुरातल्या विणकर समाजांचं सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. अशा सर्वेक्षणाचं हत्यार म्हणजे प्रश्नावली. रकाने, आकडे, कोष्टकं. आजही सोलापूरवर काम करणाऱ्याला त्याच्यापासून सुरुवात करावी लागते, कारण शंभर जणांच्या आठवणी जमवूनही किती घरं आणि किती माग हे कळत नसतं. पण रकान्याला आवाज नसतो. 'उस्तादनं बोटांवर मारलं' हे कोणत्या रकान्यात लिहिणार?

यंत्र गातं, यंत्र गप्प करतं

आवाजाकडे आपण उशिरा वळलो. १९६३ मध्ये फिलिप्सनं छोटी कॅसेट आणली आणि टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून फिरता येऊ लागलं. आपल्याकडचं यातलं मोठं काम म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८०च्या दशकात पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ गावांतून ओव्या जमवायला सुरुवात केली. आधी हातानं लिहून, मग टेपवर. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांचा संगणकीय संग्रह बांधला. एक लाखाहून जास्त ओव्या त्यात आहेत.

ओवी कागदावर उतरली की शब्द येतात. टेपवर आली की चाल येते, दम लागतो तो येतो, शेजारणीचं हसू येतं. आणि मागे जात्याची घरघर येते. ती घरघर म्हणजे काही व्यत्यय नव्हे, ओवीचा ताल तिच्यावर बांधलेला असतो. विजेची गिरणी आली, जातं थांबलं आणि ओवीला बसायला जागा उरली नाही.

हे वाचताना माझ्या डोक्यात लख्ख पडलं. जातं बाईला गायला लावतं, यंत्रमाग माणसाला गप्प करतो. मग शेडमधली माणसं एकमेकांशी बोलतात कशी? मी माझं ते बिघडलेलं रेकॉर्डिंग विसरून, डोळ्यांसमोर शेड आणून बघितलं. ती हातांनी बोलत होती. धागा तुटला, कांडी संपली, मालक आला, चहा आला, सगळ्याला खुणा होत्या. इंग्लंडमध्ये लँकशायरच्या विणकाम शेडमध्ये कामगार, विशेषतः बायका, ओठ आणि हातवारे यांनी बोलायच्या. त्या बोलीला तिथे 'मी-मॉ' असं नावच आहे. माझ्या ऑडिओत यातलं काही येणं शक्यच नव्हतं. चांगल्यातला चांगला रेकॉर्डर नेला असता, तरी आलं नसतं. मला कॅमेरा हवा होता, आणि त्याआधी त्या दिशेला बघणं हवं होतं.

दुसरी गोष्ट कार्डांची. जॅकार्डचं यंत्र १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या लिऑनचं. नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकांच्या रूपात साठवायची. भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. अशी शेकडो कार्डं ओवून माळ केली की चादरीवर मोर उतरतो. चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच कल्पना घेतली. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथनं भोकांच्या कार्डांवर माणसं मोजली. आपण खिशात घेऊन फिरतो त्या यंत्राचा एक पूर्वज चादरीच्या मागावर बसलेला आहे, हे सोलापूरच्या पोरांना कोणी सांगत नाही.

आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलंय, नक्षी पेन ड्राइव्हवर येते. जुन्या माळा कोपऱ्यात धूळ खातात. मला त्या कोपऱ्यात एक माळ दिसली. कार्डं खिडकीच्या उजेडासमोर धरून, शेजारी पट्टी ठेवून मी फोटो काढले. भोकं मोजली की नक्षी पुन्हा काढता येते. चाळीस वर्षांपूर्वीचा पुठ्ठा आजही वाचता येतो, कारण तो वाचायला दुसरं यंत्र लागत नाही. माझ्या दहा वर्षांपूर्वीच्या पेन ड्राइव्हबद्दल मी असं म्हणू शकत नाही.

दुसरी मुलाखत

मी काकांकडे पुन्हा जायचं ठरवलं. मध्येच १८ मे २०२५ रोजी याच एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. त्यानंतर लगेच रेकॉर्डर घेऊन तिथे जाणं मला बरं वाटेना. जूनच्या अखेरीस फोन केला. काका म्हणाले, "शेडमध्ये नको, घरी ये."

या वेळी कॉलर माइक नेला होता. घर शांत होतं. सूनबाई विड्या वळत बसल्या होत्या, मुलगा सुट्टीवर होता. आवाज असा स्वच्छ आला की विडीचं पान कातरलेलंही ऐकू येतं. काकांनी कार्डांची गोष्ट पुन्हा सांगितली. अंधार, बोटं, लोड शेडिंग, सगळं तसंच. मग उस्तादकडे आले आणि म्हणाले, "देवमाणूस होता. कधी आवाज चढवला नाही."

मी थिजले. डायरीतल्या तीन ओळी आठवल्या. मधे बोलून आठवण करून द्यावी का? नाही दिली. मुलासमोर, सुनेसमोर एखादा माणूस आपल्या गुरूला कसा आठवतो आणि मागांच्या खटखटाटात, कोणाला ऐकू जाणार नाही अशा जागी कसा आठवतो, यात फरक पडतोच. दोन्ही खरं असू शकतं.

इथे अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांचा निबंध वाचलाच पाहिजे. इटलीतल्या तेर्नी गावचा पोलाद कामगार लुइजी त्रास्तुल्ली १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीनं मेला. पुढे अनेक कामगार तो मृत्यू १९५३ मधल्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यातला म्हणून सांगत राहिले. पोर्तेल्लींनी त्यांना चुकीचे ठरवून सोडून दिलं नाही. ही चूक का झाली, त्या चुकीला काय म्हणायचंय, हे विचारलं. तारीख चुकते तिथे अर्थ सापडतो. मुंबईच्या गिरणगावाबद्दल नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी जमवलेल्या मुलाखतींचं पुस्तक २००४ मध्ये आलं. तेही या नजरेनं पुन्हा वाचा. कोण कोणासमोर बोलतंय, याकडे लक्ष ठेवून.

आता माझ्याकडे उस्तादबद्दल दोन पुरावे आहेत. एक स्वच्छ, पंचेचाळीस मिनिटांचा, ऐकता येणारा. दुसरा तीन ओळींचा, बसमध्ये खरडलेला. पहिला चांगल्या साधनानं दिला, दुसरा दोन रुपयांच्या पेननं. प्रबंधात दोन्ही जातील. आणि मी हेही लिहिणार आहे की पहिली कथा मला गोंगाटानं दिली. शांत खोलीत ती कदाचित आलीच नसती.

त्या दुपारी बोलणं आगीवर आलं. काकांनी टेबलावरच्या रेकॉर्डरकडे पाहिलं. मी तो बंद केला आणि काढून बॅगेत ठेवला. पुढचा अर्धा तास ते जे बोलले ते माझ्या कुठल्याही फाइलमध्ये नाही, डायरीतही नाही. प्रबंधातही येणार नाही. साधन कसं चालू करायचं हे माहितीपत्रकात असतं. कधी बंद करायचं ते आपल्याला कळावं लागतं.

तर बॅगेत काय घ्यायचं?

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. महागडी यादी नाही, माझ्या चुकांमधून आलेली आहे.

आधी प्रश्न, मग साधन. तुम्हाला बोललेलं हवंय, केलेलं हवंय की कागद हवेत? बोलण्याला माइक, हाताच्या कामाला कॅमेरा, कागदाला उजेड आणि मोजपट्टी. 'सगळंच घेऊन जाते' म्हणाल तर सगळं अर्धवट येईल.

माइक तोंडाजवळ न्या. अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं वाढतो. मोबाइल ८० सेंटिमीटरवर आणि कॉलर माइक २० सेंटिमीटरवर, म्हणजे जवळपास १२ डेसिबलचा फायदा. हजारभर रुपयांचा माइक महागड्या फोनपेक्षा जास्त काम करतो. तरीही चालू शेडमध्ये मुलाखत घेऊ नका. शेडचा आवाज हवाच असेल तर पाच मिनिटं वेगळा रेकॉर्ड करा.

तीस सेकंदांची चाचणी. रेकॉर्ड करा, हेडफोननं ऐका, मगच पुढे चला. मी हे केलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. फोन वापरत असाल तर विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात आलेल्या गोष्टीत कर्जवाल्यांचा फोन येतो.

फाइल मोठी ठेवा. न दाबलेली स्टीरिओ फाइल तासाला सुमारे ६०० एमबी होते, साधी एमपी-थ्री ६० एमबी. मेमरी कार्ड स्वस्त आहे, मुलाखत नाही. रात्री झोपण्याआधी दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून 'बॅकअप झाला' असं समजू नका. तो फोटो लहान होऊन जातो आणि कधी काढला ही माहितीही गळून पडते.

वीज आणि ऊन. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे साधारण ७४ वॉट-अवर. विमानात १०० पर्यंत चालते, पण हातातल्या बॅगेतच. बऱ्याच गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट बंद असतात, तेव्हा आधीच भरून घ्या. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो आणि अनेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. स्कूटरच्या डिकीत फोन ठेवू नका. ओला रुमाल गुंडाळायचे उपायही नकोत, सावली पुरे.

बोलणं लिहून देणारं ॲप जपून वापरा. काका म्हणाले होते, "माग बंद पडले." ॲपनं लिहिलं, "मागे बंद पडले." एका मात्रेनं अख्खा धंदा भूतकाळात गेला. तेलुगू शब्द तर त्यानं गाळूनच टाकले. पहिला मसुदा म्हणून घ्या, पण पूर्ण रेकॉर्डिंग स्वतःच्या कानांनी ऐका.

फोटोत ठिकाण नोंदलं जातं. कोणाच्या घरी काढला असेल तर शेअर करण्याआधी ती नोंद काढून टाका. तुम्हाला अभ्यासाचं ठिकाण वाटतं, ते त्यांचं घर असतं. परवानगी आधी विचारा, आणि "नको" म्हटलं तर कारण विचारू नका.

आणि डायरी. मुलाखत संपली की दहा मिनिटांत, बसमध्ये, पायरीवर, जिथे असाल तिथे लिहा. काय बोललं गेलं ते रेकॉर्डरमध्ये असेल. खोलीत कोण होतं, कोण उठून गेलं, कोणत्या शब्दावर माणूस थांबला, हे तुमच्याशिवाय कोणी लिहिणार नाही.

शेवटी एक विनंती. प्रबंधाच्या संशोधनपद्धतीच्या प्रकरणात आपण सगळे एक वाक्य ठोकून देतो: 'मुलाखती ध्वनिमुद्रित करण्यात आल्या.' त्यापुढे आणखी दोन-तीन वाक्यं लिहा. कुठे बसून, कशावर, कोणासमोर आणि त्यात काय आलं नाही. गाइड म्हणतील, कशाला स्वतःची चूक सांगतेस? माझ्या तरी तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी कच्चा मसुदा वाचून समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलं: खुणा कोण करत होतं, नावं विचारलीस का?

विचारली नव्हती. पुढच्या महिन्यात पुन्हा जाते आहे. या वेळी कॅमेरा घेऊन.